इंजिनाचा चुकलेला ठोका



मोटारगाडीची काही दुखणी उघड असतात. चाक फुटते, ब्रेक लागत नाही, रेडिएटरमधून वाफा निघू लागतात; असे दुखणे आपले नाव आपणच सांगते आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो. पण काही दुखणी अंगात मुरलेल्या कसरीसारखी असतात. गाडी सकाळी सुरू होते, मोकळ्या रस्त्यावर नीट धावते, लहानसा चढही कुरकुर न करता चढते. मात्र चौकात लाल दिवा लागला आणि चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की तिला थरथर सुटते. स्टिअरिंग कापू लागते, गिअरचा दांडा डुलू लागतो, मागच्या नळीतून येणारा एकसारखा आवाज मध्येच तुटतो, आणि एखादे वेळी इंजिन बंदच पडते. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू होतात, चालक घाईघाईने किल्ली फिरवतो, पाय दाबून इंजिन 'रेस' करतो, आणि पुढे गेल्यावर सारे विसरतो. तो पुढचा चौक येईपर्यंत.

उभ्या गाडीचे इंजिन ज्या सावकाश गतीने फिरत राहते तिला आपले कारागीर 'स्लो' म्हणतात. आपण तिला मंदगती म्हणू. या मंदगतीत एखादा ठोका गळू लागला की 'गाडी मिसिंग मारते' असे ते सांगतात. ही बोली कुर्ल्याच्या गॅरेजात जशी ऐकू येते, तशीच थोड्याफार फरकाने जयपूरच्या ट्रान्स्पोर्टनगरातही ऐकू येते. या मिसिंगचे निदान कसे करावे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. उपचाराविषयी मी थोडेच बोलेन. कारण या दुखण्यात उपचार बहुधा स्वस्त असतो; महाग पडते ते चुकीचे निदान.

विवेचनासाठी एखादी गाडी डोळ्यांसमोर असावी म्हणून आपण जयपुरातील एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊ. ही निवड सकारण आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने '११००' जातीच्या गाड्या तयार होऊ लागल्या, आणि १९७४च्या सुमारास त्याच गाडीला चितोडच्या राणी पद्मिनीचे नाव मिळाले. कूळ इटलीचे, जन्म महाराष्ट्रातला आणि नाव राजस्थानचे, असा तिचा त्रिवेणी वारसा आहे. तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. मुंबईतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबर अखेरीस सेवेतून निवृत्त झाली. तथापि जुन्या गाड्यांची हौस असलेल्या जयपूरसारख्या शहरात अशा गाड्या अजून जपल्या जातात. काहींच्या मागे मालकाची हौस असते, तर काहींच्या मागे वडिलांची आठवण.

तिचे इंजिन समजण्यास सोपे आहे. चार सिलिंडर, एकूण आकारमान १०८९ घन सेंटिमीटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, ज्याला आपले कारागीर 'डेल्को' म्हणतात. मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, पेटवणे आणि जळलेला वायू बाहेर टाकणे, ही चार कामे करण्यास मुख्य दंडाचे दोन फेरे लागतात. मंदगतीत हा दंड मिनिटाला समजा ८०० फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा, आणि चारही मिळून १६०० वेळा मिश्रण पेटते. सेकंदाला सुमारे २७ वेळा. या २७ ठोक्यांचा जो अखंड गुंजारव तयार होतो, तोच निरोगी इंजिनाचा आवाज. चारांपैकी एक सिलिंडर मुका झाला की दोन ठोक्यांमधील एक अंतर एकदम दुप्पट होते. फ्लायव्हील त्या अवकाशात मंदावते, पुढचा ठोका त्याला पुन्हा ढकलतो, आणि या मंदावण्या-ढकलण्यातूनच ती थरथर जन्मते. वेगात मात्र हेच इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते. तेव्हा सेकंदाला १०० ठोके पडतात आणि फ्लायव्हीलच्या जोरात एखाद्याची अनुपस्थिती पुष्कळशी झाकली जाते.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ठोका वेगातही चुकत असतो आणि केवळ झाकला जातो, अशी एक शक्यता झाली. दुसरी शक्यता अशी की तो मंदगतीतच चुकतो आणि वेगात खरोखरच पडतो. या दुसऱ्या शक्यतेमागे तीन कारणे आहेत, आणि सारे निदान त्यांवर उभे आहे.

पहिले कारण असे की मंदगतीत कार्ब्युरेटरचे दार जवळजवळ मिटलेले असते. सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण थोडेच येते आणि मागच्या खेपेचा जळका वायू त्यात मोठ्या प्रमाणात मिसळलेला असतो. ओल्या सरपणासारखे असे मिश्रण पेटण्यास नाखूष असते. दुसरे कारण म्हणजे दार मिटलेले असल्यामुळे आतील पोकळीत मोठे शोषण निर्माण होते. त्यामुळे एखाद्या फटीतून चोरवाटेने हवा शिरत असेल, तर ती सर्वांत जास्त याच वेळी शिरते. आणि आधीच थोड्या असलेल्या मिश्रणात तिचे प्रमाणही मोठे पडते. दार उघडले की शोषण उतरते, मिश्रण वाढते, आणि ती चोरटी हवा नगण्य ठरते. तिसरे कारण वेळेचे आहे. झडप जागेवर घट्ट बसत नसेल तर सावकाश फिरणाऱ्या इंजिनात दाबलेल्या मिश्रणाला निसटून जाण्यास अधिक अवधी मिळतो.

याच्या उलट, गाडी चढावर किंवा भरल्या ओझ्याने चालत असता सिलिंडरमधील दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी उडण्यास विजेचा अधिक जोर लागतो. म्हणून कॉइल दुबळी असेल, प्लगची फट वाजवीपेक्षा रुंद झाली असेल, तर इंजिन बहुधा ओझ्याखाली अडखळते. यातून पहिला अंदाज बांधता येतो. केवळ चढावर चुकणारा ठोका ठिणगीकडे बोट दाखवतो. केवळ मंदगतीत चुकणारा ठोका हवा, मिश्रण आणि झडपा यांच्याकडे. हा अंदाजच आहे, निकाल नव्हे. फार अरुंद फटीचा प्लग किंवा झिजलेले पॉइंट मंदगतीतही त्रास देतात. पण शोध कोठून सुरू करावा हे ठरविण्यास एवढा अंदाज पुरेसा होतो.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, बंद खोलीत कधीही नाही. कारण मागच्या नळीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंग-वासाविना जीव घेतो. हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, इंजिन पुरते तापू द्यावे. मग हत्यारे बाजूला ठेवून मागच्या नळीपाशी उभे राहावे आणि ऐकावे. ठोका नियमाने चुकतो की अनियमाने? 'फट्-फट्-फट्-शांत' अशी ठरावीक लय असेल, तर दोष एकाच सिलिंडरचा. चुकण्याला ताळतंत्र नसेल, कधी दोन लागोपाठ तर कधी बराच वेळ एकही नाही, तर दोष चारही सिलिंडरांना सामाईक असलेल्या ठिकाणी, म्हणजे कार्ब्युरेटर, पॉइंट, कॉइल किंवा पेट्रोलचा पुरवठा यांत असण्याचा संभव अधिक. जुने कारागीर नळीच्या तोंडाशी कागदाचा कपटाही धरतात. निरोगी इंजिन त्याला सारखे बाहेर ढकलते. तो मधूनमधून आत ओढला जाऊ लागला तर उत्सर्जनाची एखादी झडप नीट मिटत नसल्याचा संशय घ्यावा.

दोष एका सिलिंडरचा वाटला, तर तो कोणता हे शोधण्याची पद्धत हजेरी घेण्यासारखी आहे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी. ती मोकळी लोंबत न ठेवता इंजिनाच्या अंगाला टेकवलेल्या एका जादा प्लगला जोडावी, म्हणजे विजेला वाट मिळते आणि कॉइलवर ताण येत नाही. मग इंजिन सुरू करावे. काम करणारा सिलिंडर असा बाद केला की इंजिन आणखी खचते, थरथर वाढते. प्रत्येकाची पाळी यावी. ज्याला बाद केल्याने काहीच फरक पडत नाही, तोच मुका. जो आधीपासूनच काम करीत नव्हता, त्याच्या रजेने कचेरीचे काय अडणार?

समजा, आपल्या पद्मिनीचा तिसरा सिलिंडर असा गैरहजर आढळला. आता त्याचा प्लग काढून पाहावा. त्याचे टोक फिकट तपकिरी, भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओले असेल तर मिश्रण आले पण पेटले नाही. तेलाने माखलेले असेल तर रिंगा किंवा झडपांचे मार्गदर्शक झिजले. पांढुरके दिसत असेल तर हवा जास्त. वैद्य जशी जीभ पाहतो, तसा हा प्लग पाहावयाचा असतो. मात्र जीभ पाहून वैद्य रोगाचा निकाल देत नाही, नाडीही पाहतो. तसेच येथेही आहे.

या पायरीवर बाजारातून नवीन प्लग आणण्याचा मोह होतो. त्यापेक्षा एक बिनखर्चाची युक्ती उत्तम. तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात बसवावा. दोष प्लगबरोबर दुसऱ्यात गेला, तर प्लग अपराधी ठरला. दोष तिसऱ्यातच राहिला, तर प्लग निर्दोष. मग वायरीची अशीच अदलाबदल करावी. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून तिच्यात बारीक तडा किंवा कोळशाची काळी रेघ आहे का ते पाहावे. अंधारात इंजिन चालू ठेवले तर गळकी वीज निळसर चमकून आपण होऊन दिसते. या साऱ्या परीक्षांत एक नियम पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम वहीत टिपावा. प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि कार्ब्युरेटर एकाच दुपारी बदलून गाडी सुधारली, तरी ती कशाने सुधारली हे कोणासच कळत नाही. आणि बिघडली, तर गोंधळ चौपट होतो.

ठिणगी निर्दोष ठरली की दाबाची परीक्षा. चारही प्लग काढून, कार्ब्युरेटरचे दार पूर्ण उघडे ठेवून, प्रत्येक छिद्रात दाबमापक बसवून स्टार्टरने इंजिन चार-पाच वेळा फिरवतात. आकडा किती येतो यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचे. समजा, तिसऱ्याचा दाब बराच कमी भरला. आता त्या छिद्रातून चमचाभर इंजिन तेल आत सोडून पुन्हा मोजावे. तेलाने रिंगांची फट घटकाभर बुजते. दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या. दाब जागचा हलला नाही तर वाट झडपेतून आहे. शेजारचे दोन सिलिंडर मिळून कमी भरले, तर त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. चमचाभर तेलाची ही परीक्षा फार मोलाची आहे. कारण रिंगांचा खर्च आणि झडपांचा खर्च यांत मोठे अंतर आहे.

आपल्या कल्पिलेल्या गाडीत दाब वाढला नाही असे समजू. तरीही लगेच इंजिन खोलण्याचे कारण नाही. आधी टॅपेटची फट मोजावी. झडप आणि तिला ढकलणारा दांडा यांमध्ये पातळ पानाएवढी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू लांबतो. ही फट संपली की झडप पूर्ण मिटत नाही. या बाबतीत एक गैरसमज पसरलेला आहे. टॅपेटचा टकटक आवाज आला की मालक अस्वस्थ होतो आणि कारागिराकडून त्या आवळून घेतो; आवाज थांबला की समाधान पावतो. वस्तुतः थोडा आवाज करणारी टॅपेट निदान मिटते तरी. अगदी गप्प असलेली टॅपेट झडपेला अर्धवट उघडी ठेवून जाळत असू शकते. झडपेची उष्णता तिच्या बैठकीला टेकण्यातूनच उतरते. टेकणे थांबले की ती कडेने जळत जाते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय अत्यंत हितकर होता. परंतु पूर्वी पेट्रोलमधील शिशाचा थर झडपांच्या बैठकींना झिजेपासून वाचवीत असे. ज्या जुन्या इंजिनांच्या बैठकी मऊ आहेत, त्यांत झडप हळूहळू खोल बसत जाते आणि ही फट आपोआप मिटत जाते. म्हणून अशा गाडीची फट फीलर गेजने ठरावीक काळाने मोजणे अगत्याचे. पुष्कळदा एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि पोलादाचे एक पातळ पान एवढ्यावर हरवलेला ठोका परत येतो. झडप जळलीच असेल तर हेड उतरवून ती घासावी किंवा बदलावी लागते. पण त्यासाठीही सबंध इंजिन ओव्हरहॉल करण्याची गरज नसते.

आता दुसऱ्या फाट्याकडे वळू. ठोका अनियमाने चुकत असेल, तर चोरट्या हवेचा शोध घ्यावा. कार्ब्युरेटरच्या बैठकीचे गॅस्केट, मॅनिफोल्डचे सांधे, व्हॅक्यूमची रबरी नळी आणि कार्ब्युरेटरच्या दाराची आस, ही चार ठिकाणे. मंदगतीत इंजिन चालू असता सांध्यावर ब्रशाने थोडे इंजिन तेल लावावे. फट असेल तर ते आत ओढले जाते आणि इंजिनाचा सूर क्षणभर पालटतो. यासाठी पेट्रोल शिंपडण्याची काहींची सवय प्राणघातक आहे. तापलेल्या मॅनिफोल्डवर तसे कदापि करू नये. त्यानंतर मंदगतीच्या मिश्रणाचा स्क्रू सावकाश फिरवून पाहावा. फिरवल्याने इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडला नाही, तर स्क्रूच्या हाती सत्ता उरलेली नाही असे समजावे: एक तर मंदगतीचा बारीक जेट तुंबला आहे, किंवा हवा दुसरीकडून शिरत आहे. जेट हवेच्या दाबाने साफ करावा, त्यात तार घालू नये. ते छिद्र इतके सूक्ष्म असते की तारेने त्याचे माप कायमचे बिघडते.

जयपूरची हवा या तपासात स्वतःची भर घालते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर आहे. शोषण मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा निरोगी इंजिनात समुद्रकाठी साधारण १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. जयपुरात तो दीड इंच खालीच दिसणार. मुंबईत वापरलेले हस्तपुस्तक पाहून येथे कोणी काटा तपासला, तर निरोगी इंजिनाला रोगी ठरवील. मे-जूनमध्ये आँधी येते आणि बारीक वाळू हवेच्या गाळणीत साचते. पारा ४५ अंशांकडे झुकला की उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उकळून आत सांडते, आणि पहिली काही मिनिटे इंजिन गुदमरते. थोडा वेळ थांबून सुरळीत झालेल्या अशा गाडीत दोष शोधीत बसू नये. पावसाळ्यात ओल धरलेल्या वायरी हाच पहिला संशयित. तर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत इंजिन तापण्यापूर्वी चोक मिटला म्हणून ते अडखळले, तर तो रोग समजू नये. ऋतू विचारल्याशिवाय वैद्याने औषध देऊ नये, हा आपला जुना दंडक येथेही लागू आहे.

एक नवे कारणही ध्यानात ठेवले पाहिजे. २०२५ पासून आपल्या देशात पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो. त्यामुळे पूर्ण ज्वलनास त्याला हवा कमी लागते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, इथेनॉलच्या एका भागाला सुमारे ९. नव्या गाड्यांतील संगणक हा फरक ओळखून मिश्रण सुधारतो. जुन्या कार्ब्युरेटरला ते ठाऊक नसते. तो पूर्वीच्याच मापाने हवा देतो आणि मिश्रण पातळ होते. मंदगतीत, जेथे मिश्रण आधीच पेटण्यास नाखूष, तेथे हा पातळपणा प्रथम जाणवतो. शिवाय इथेनॉल ओलावा शोषते, टाकीतील जुना गाळ सुटा करते आणि जुन्या रबरी नळ्यांना पिडते. महिनोन् महिने एका जागी उभ्या राहणाऱ्या हौसेच्या गाडीला हे तिन्ही उपद्रव होतात. म्हणून अशा गाडीचा मिसिंग सुरू झाला की टाकी, फिल्टर आणि नळ्या आधी पाहाव्यात.

झिजेचा विचार करताना जयपूरचे नाव आणखी एका कारणाने आठवते. हे शहर वसविणारे सवाई जयसिंह यांनी ग्रहताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आधी पितळी यंत्रे करविली होती. ती त्यांना समाधानकारक वाटली नाहीत. यंत्रे आकाराने लहान. त्यांचे आस झिजतात व डगमगतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, आणि म्हणून वेध चुकतात, असे कारण त्यांच्या ज्योतिषग्रंथाच्या प्रस्तावनेत दिलेले आहे. जंतरमंतरची प्रचंड दगडी यंत्रे त्यातून उभी राहिली. जुन्या गाडीतही नेमके हेच घडते. डिस्ट्रिब्युटरची आस झिजून डुलू लागली की पॉइंटची फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी मिळते. कार्ब्युरेटरच्या दाराची आस झिजली की तिच्या कडेने हवा शिरते. कितीही वेळा फट जुळवा, कितीही वेळा स्क्रू फिरवा. आस डुलते तोवर जुळवणूक टिकत नाही. मोटारीचे भाग दगडाचे करता येत नाहीत. तेथे बुश बदलणे हाच मार्ग. पण चूक निरीक्षकाच्या डोळ्यात आहे की यंत्राच्या आसात, हा जयसिंहांनी विचारलेला प्रश्न प्रत्येक कारागिराने विचारावा असा आहे.

येथवरचे विवेचन कार्ब्युरेटर आणि पॉइंट असलेल्या गाड्यांचे झाले. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८००लाही ते पुष्कळसे लागू पडते. तिला तीनच सिलिंडर असल्यामुळे एक मुका झाला की तिसरा हिस्सा बळ जाते आणि थरथर अधिक जाणवते. पण तिच्या पुढच्या काळातील, इंधन फवारणाऱ्या आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या आवृत्त्यांवर प्लगच्या वायरी काढण्याचा प्रयोग करू नये. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो निकामी होतो.

कोणी म्हणेल, उभ्या गाडीची थोडी थरथर सोसली तर बिघडले काय? पुष्कळ बिघडते. न पेटलेले पेट्रोल तसेच हवेत जाते. प्रदूषण तपासणीत पेट्रोल गाडीची परीक्षा मंदगतीतच होते. भारत स्टेज दोनपूर्वीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची दशलक्षात १५०० भाग अशी मर्यादा आहे. एक मुका सिलिंडर ही दुसरी मर्यादा सहज ओलांडायला लावतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, आणि अशा वेळी हे अपयश गाडीच्या अस्तित्वावर बेतते. तेच पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते आणि रिंगा झिजवते. अशा रीतीने फीलर गेजने सुटणारा प्रश्न वर्ष-दीड वर्षात खरोखरच ओव्हरहॉलचा होतो. आणि ज्या कुटुंबाला तो खर्च झेपत नाही, ते वडिलांची गाडी भंगारवाल्याच्या स्वाधीन करते. चुकीच्या निदानाची किंमत ती हीच.

कारागिरांविषयी दोन शब्द. पॉइंटची फट बोटाच्या अंदाजाने ओळखणारी, आवाजावरून सिलिंडर सांगणारी पिढी आता थकत चालली आहे. त्यांच्या दुकानात येणाऱ्या मुलांना संगणक जोडून दोषाचा आकडा वाचण्याचे शिक्षण मिळते, आणि नव्या गाड्यांसाठी ते आवश्यकच आहे. परंतु पद्मिनीला संगणक जोडण्याची खाचच नाही. तिच्यापाशी ऐकावे लागते, तर्क करावा लागतो, एक गोष्ट बदलून थांबावे लागते. असा कारागीर आपल्या गावात असेल तर त्याला घाई करू नये. त्याने घटकाभर नुसते ऐकण्यात घालवले तर तो वेळ फुकट गेला असे मानू नये, आणि सुटा भाग न बदलता त्याने दोष काढून दिला तर मजुरी देताना हात आखडू नये. आपण बहुधा वस्तूचे पैसे आनंदाने देतो आणि विचाराचे पैसे देताना कुरकुरतो. म्हणूनच वस्तू बदलण्याचा धंदा वाढतो आणि विचार करण्याचा मागे पडतो.

गाडी तपासताना क्रम मात्र ध्यानात असू द्यावा. आधी ऐकावे, मग मुका सिलिंडर ओळखावा, मग ठिणगी, मग दाब, मग फट, मग हवा, आणि सर्वांत शेवटी हत्यार घेऊन इंजिन खोलावे. सोप्याकडून अवघडाकडे, बिनखर्चाकडून खर्चाकडे जाणारा हा रस्ता लांबचा दिसतो. पण त्यावरून जाणारा सहसा परत फिरत नाही.